हात न लावता भरलेला मसाला

आमच्याकडची बाई दुकानातून मिरची नुसती घेत नाही, आधी मिरचीशी भांडते. मूठभर उचलायची, एक मोडायची, बी कानाशी वाजवायचं, वास घ्यायचा, जिभेच्या टोकाला लावायची, तोंड वाकडं करायचं, 'मागची बरी होती' म्हणायचं आणि मग तीच घ्यायची. अशा बायांना बंद पुडीतला काळा मसाला, म्हणजे परक्यानं भाजलेला, परक्यानं कुटलेला आणि वास घ्यायची सोय नसलेला, विकायचं काम मी आयुष्यभर केलं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी मसाला विकला असं म्हणणं धाडसाचं होईल. मी तो फिरवून आणला.

कारखाना म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातला बापूसाहेबांचा डंका. डंका म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. उन्हाळ्यात बाया आपापली मिरची घेऊन तिथे रांगेत बसायच्या, आणि मृग लागला की डंका रिकामा. त्या रिकाम्या डंक्याकडे पाहून बापूसाहेबांना वाटलं, मसाला आपणच करावा, पुडीत भरावा आणि बारा महिने विकावा. पुडीवर त्यांनी आपल्या आईचं चित्र टाकलं आणि नाव दिलं, 'भागीरथी मसाला'. भागीरथीबाईंच्या हातची भाजी मी दोनदा खाल्ली आहे. चित्र चांगलं होतं.

मी बाळापूरकडचा. घरी कपाशीची, आमच्या भाषेत पऱ्हाटीची, काळी जमीन, थोरले दोन भाऊ शेती करणारे, आणि इंटरला तिसऱ्यांदा बसून तिसऱ्यांदा उठलेला मी. वडील म्हणाले, "याले वावरात ठेवलं तं पऱ्हाटी बी नापास होईन." म्हणून मी अकोल्यास आलो आणि 'भागीरथी'चा फिरता विक्रेता झालो. मूर्तिजापूरहून अंजनगाववरून अचलपूरला जाणारी छोटी गाडी असते, तिच्यात मी नमुन्याची पत्र्याची पेटी घेऊन बसलो की पाच मिनिटांत अख्खा डबा शिंकू लागे. लोक हळूहळू सरकत सरकत दाराकडे जात. मला मात्र पाय पसरून बसायला कायम जागा मिळाली. नोकरीचा हा फायदा नेमणुकीच्या पत्रात लिहिलेला नव्हता.

मसाल्याच्या धंद्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुटण्यात काही कसब नाही, ते डंका करतो. कसब आहे भाजण्यात. धने, खोबरं, तीळ, खसखस, लवंग, प्रत्येकाची वेळ निराळी. एक क्षण आधी उतरवलं तर मसाला कच्चा, एक क्षण नंतर उतरवलं तर कडू. आणि घड्याळ लावून हे जमत नाही, कारण मागच्या आठवड्याचे धने आणि या आठवड्याचे धने यांची कधी ओळख झालेली नसते. हे फक्त नाकाला कळतं. आमच्या कारखान्यात असं नाक एकच होतं, आणि ते शेवंताबाईंचं होतं.

शेवंताबाई आधी जिनिंगमध्ये कापूस निवडायला जात. आमच्याकडे आल्या त्या चार बायांना घेऊन. पाचही जणी नदीकाठच्या वस्तीतल्या, नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या घरांतल्या. त्या गोष्टीला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. बापूसाहेब सुधारक होते म्हणून त्यांनी या बायांना कामावर घेतलं, असं मी पुष्कळ दिवस सांगत असे. खरं कारण असं की मिरचीच्या त्या खोलीत दिवसभर बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आम्ही दारातून डोकावलो तरी रुमाल शोधायचो. शेवंताबाई कढईवर वाकलेल्या असायच्या आणि त्यांना एक शिंक येत नसे. भाजणं झालं, कुटणं झालं, की त्याच पाच जणी गोल बसून मसाला तोलायच्या, पळीनं कागदात भरायच्या आणि खळीनं पुडी चिकटवायच्या. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत तांबडे-काळे झालेले असायचे.

आता अंजनगाव सुर्जी. तिथल्या बाजारात गणपतरावांचं किराण्याचं मोठं दुकान होतं. गणपतरावांनी माल घेतला की आजूबाजूची वीस खेडी घेतात, असा त्यांचा लौकिक. मी तिसऱ्यांदा त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी पुडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कोनाच्या हातचा हाय?"

"अकोल्याचा आहे जी."

"गाव नाई इचारलं. हात इचारला."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. तीही माझ्याकडे पाहू लागली. प्रश्न नवा नव्हता. वऱ्हाडातल्या निम्म्या दुकानांत तो मला विचारला गेला होता आणि मी प्रत्येक ठिकाणी खोकून वेळ मारून नेली होती. पेटीमुळे खोकला खराच वाटायचा. पण गणपतराव थांबले. माझा खोकला संपेपर्यंत थांबले.

"हात लागतच नाही जी," मी म्हणालो. "मशीन आहे. इकडून मिरची टाकायची, तिकडून पुडी बाहेर."

"बाप्पा. आन भाजते कोन?"

"तीच."

"मोठी हुशार दिसते," गणपतराव म्हणाले, आणि त्यांनी चार डझन पुड्या ठेवून घेतल्या.

शेवंताबाई हे नाव उच्चारायला यापेक्षा कमी वेळ लागला असता. मी नंतर घोळवून पाहिलं आहे.

अकोल्याला येऊन हे मी बापूसाहेबांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "वसंता, इंटर नापास माणसाले इतलं डोकं असते हे मले मालूम नव्हतं." पुढच्या वेळी नागपूरहून वेष्टणाचे कागद छापून आले तेव्हा भागीरथीबाईंच्या चित्राखाली एक नवी ओळ होती: 'हाताचा स्पर्श न होता यंत्राने भरलेला शुद्ध मसाला'. कागद स्वस्त पडावा म्हणून बापूसाहेबांनी दोन वर्षं पुरतील इतके गठ्ठे छापून घेतले होते.

शेवंताबाई त्या वर्षी वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गाला जायच्या आणि दिसेल ते वाचायच्या. खळीचा डबा बाजूला ठेवून त्यांनी ती ओळ बोट फिरवत, एकेक अक्षर लावून वाचली. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "बरं लिवलं," म्हणाल्या, आणि पुडी भरली.

ओळ चालली. हे कबूल केलं पाहिजे. दर्यापूर, अचलपूर, परतवाडा, बाळापूर, जिथे आधी मला पाणीही विचारत नव्हते तिथून मागणीची पत्रं येऊ लागली. माझ्या गावी वडील लोकांना सांगू लागले की आपला पोरगा मशीनच्या कंपनीत आहे.

मग अमरावतीहून पत्र आलं. तिथले एक ठोक व्यापारी होते, त्यांना आपण जगन्नाथजी म्हणू. सबंध अमरावती जिल्ह्याची एजन्सी घ्यायचा विचार आहे, त्याआधी बृहस्पतवारी येऊन मशीन पाहीन म्हणतो, असं दोन ओळींचं पत्र. बापूसाहेबांनी ते तीनदा वाचलं. सबंध जिल्हा म्हणजे दुसरा डंका, नवी जागा, कारखान्याला कारखाना म्हणता येण्याचा दिवस. अडचण एवढीच होती की मशीन नव्हती.

"मशीन चार दिवसांत होते," बापूसाहेब म्हणाले. "बायायचं काय करतं? तू जाऊन सांग, बेस्तरवारी येऊ नका मनावं."

"मीच का?"

"मशीन कोनाची हाय?"

मी शेवंताबाईंच्या घरी गेलो. सारवलेलं अंगण, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची. त्यांनी बसायला पोतं टाकलं.

"बृहस्पतवारी सुट्टी आहे," मी म्हणालो.

"काहून? सन कोनता?"

"सण नाही. पाहुणे येऊन राहिले. मसाला पाहायला."

"मंग आमी नसू तं काय दाखवसान त्यायले?"

"मशीन."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागावून नाही. धने अजून किती व्हायचे आहेत ते पाहतात तसं. "कुठी हाय?"

"मिस्त्री करून राहिला."

"बरं," त्या म्हणाल्या. "तिले एक सांगजा, दगडफूल कढई उतरवल्यावर टाकजो मनावं. आधी टाकलं तं जळते." मग म्हणाल्या, "चहा घेता?"

मी म्हणालो, "आत्ताच घेऊन निघालो."

"वास तं नाई येऊन राहिला," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

चहा मी घेतला नव्हता. का घेतला नाही, ते वाचणाऱ्याला कळलं असेल. तेव्हा मलाही कळत होतं, पण मी गाडीची वेळ झाली असं मनाशी म्हणत उठलो. गाडी दुसऱ्या दिवशी होती. दगडफुलाचा निरोप कोणाला सांगावा हे न कळून मी तो कोणालाच सांगितला नाही.

मशीन रहीमभाई मिस्त्रींनी केली. खाली जुन्या शिलाई मशीनचं पायाचं लोखंड, मधे सायकलची साखळी, वर पिठाच्या गिरणीचा पत्र्याचा फनेल, आणि सगळ्याला हिरवा रंग. पायानं मारली की फनेलाची झडप उघडायची आणि मसाला खाली पडायचा. कधी चिमूटभर, कधी पसाभर. रहीमभाई म्हणाले, "बापूसाब, ये मशीन नहीं है, ये तमाशा है. पैसे मशीन के लगेंगे." चालवायला माणूस लागत होता, आणि ओळ ज्याच्या तोंडून निघाली त्यानंच ती चालवावी असा निर्णय झाला. बृहस्पतवारी मी पांढरा सदरा घालून, डोक्याला पंचा बांधून तिच्यावर बसलो. हाताचा स्पर्श होत नव्हता हे आता अक्षरशः खरं होतं. पायाचा होत होता, पण पायाबद्दल पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं.

जगन्नाथजी आले. सडपातळ, गप्प माणूस. मी पाय मारायला लागलो. पहिल्या पुडीत काहीच पडलं नाही, दुसरीत तीन पुड्यांचं पडलं, चौथ्या झटक्याला साखळी उतरली आणि फनेलातला सगळा मसाला माझ्या डोक्यावर आला. मी शिंकू लागलो, बापूसाहेब शिंकू लागले, बाहेर टांगेवाल्याचा घोडा शिंकला.

घरी ही गोष्ट मी इथे संपवतो. माझ्या मुलींना ती तोंडपाठ आहे, आणि पाहुणे आले की 'बाबा, घोड्याची सांगा' अशी फर्माइश होते. घोडा शिंकला की सगळे हसतात, मी चहा पितो आणि विषय बदलतो. बावीस वर्षं मी हे असं करतो आहे. घोडा, खरं सांगायचं तर, शिंकला नव्हता. ती शिंक मी नंतर घातली. पुढचं जे घरी सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

जगन्नाथजींनी शिंका ओसरू दिल्या. जमिनीवरचा मसाला चिमटीत घेतला, हुंगला, जिभेवर ठेवला. मग खिशातून आमचीच एक जुनी, फोडलेली पुडी काढली आणि तिच्यातली चिमूट घेतली.

"हा तो नाही," ते म्हणाले. "यातलं दगडफूल जळलं. भाजलं कोणी?"

त्या दिवशी भाजलं होतं बापूसाहेबांनी. ते माझ्याकडे पाहू लागले.

"आधीचा जो भाजतो," जगन्नाथजी म्हणाले, "तो आज कुठे आहे?"

मशीन पडलेली, मी मसाल्यात माखलेलो, लपवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. इतकी सोयीची वेळ माणसाला खरं बोलायला पुन्हा मिळत नाही. मी म्हणालो, "ती दुसरी मशीन आहे जी. आज बिघडली."

जगन्नाथजींनी मान हलवली. "दुरुस्त झाली की कळवा," म्हणाले. आणि टांग्यात बसता बसता बापूसाहेबांना म्हणाले, "मला सुपारीच्या पुड्या भरायच्या आहेत. मशीन कुठून आणली तेवढं पाहायला आलो होतो." हात कोणाचा, हे त्यांनी पत्रात विचारलंच नव्हतं. उत्तर मीच आधी छापून ठेवलं होतं.

शुक्रवारी शेवंताबाई आल्या. आदल्या दिवशी मशीनपाशीच थांबलेल्या रहीमभाईंनी झालेलं सगळं त्यांना वाटेतच सांगितलं होतं. त्या थेट माझ्यापाशी आल्या.

"मी बिघडली व्हती मने."

त्यांनी बापूसाहेबांकडे वळून सांगितलं, "मालक, मशीन घरी चालली." बाकीच्या चौघी उठल्या, त्यांनी हात धुतले, आणि पाचही जणी गेल्या.

बापूसाहेब म्हणाले, "येतीन सोमवारी." सोमवारी आल्या नाहीत. बापूसाहेबांनी दुसऱ्या बाया पाहिल्या. एक अर्धा दिवस टिकली. मग त्यांनी स्वतः भाजलं, मी भाजलं, भागीरथीबाईंनीही भाजलं. तिसऱ्या आठवड्यात अंजनगावहून गणपतरावांचं कार्ड आलं: 'मागील मालात मजा नाही. मशीन बदलली काय? जुनीच लावावी.' बापूसाहेबांनी कार्ड माझ्यापुढे टाकलं. जुनी मशीन आणायला पुन्हा मीच निघालो.

या वेळी शेवंताबाईंनी पोतं टाकलं, पण चहा विचारला नाही. मी उन्हातून गेलो होतो. विचारला असता तर घेतला असता, असं मला त्या वेळी फार वाटलं.

"बापूसाहेबांनी बोलावलं आहे," मी म्हणालो. "रोज वाढवून देतो म्हणतात."

"रोजाचं कोन बोललं? तुमच्या पुडीत माहा हात नाई. कागदावर लिवून राहिले तुमी. मंग मी येऊन काय करू?"

"मग काय करायचं? तुमचं नाव टाकायचं का पुडीवर?"

"नाव नको, फोटू नको. थे ओळ काढा. इतलंच."

"छापलेले कागद पडले आहेत, शेवंताबाई. गठ्ठेच्या गठ्ठे."

"मंग खोडा. शाई नाई का तुमच्याकडं?"

"कोण खोडेल इतकं?"

त्या सूप घेऊन धान्य पाखडू लागल्या. मी थोडा वेळ बसलो आणि उत्तर माझं मलाच समजलं.

बापूसाहेब दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत. खोडलेली ओळ पाहून दुकानदार विचारतील, मग काय सांगणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "खोड बाबा. तशी बी मजा गेलीच हाय."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दुकानदारांनी विचारलं. प्रत्येक दुकानात विचारलं, आणि आता खोकण्यात अर्थ नव्हता. मी नाव सांगू लागलो. कोणाच्या हातचा, तर शेवंताबाईंच्या, राहतात नदीकाठच्या वस्तीत. अंजनगावचं दुकान गेलं. गणपतरावांनी उरलेल्या पुड्या पेटीत भरून, वर सुतळीची गाठ मारून परत केल्या. आणखी पाच-सहा दुकानं गेली. काहींनी माल बंद केला नाही, पण पुडी मागच्या फळीवर ठेवली, आणि मागच्या फळीवरून ती खपत राहिली. जगन्नाथजींना मी सगळं खरं लिहून पत्र टाकलं. त्यांच्या उत्तरात त्याबद्दल एक शब्द नव्हता, फक्त माल किती पाठवायचा ते होतं. त्यांना ते चालत होतं, की माझं अक्षर त्यांना लागलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. पाच वर्षांनी दुसरा डंका आला, मग अमरावतीला गोदाम झालं. भाजण्याचा सगळा विभाग शेवंताबाईंच्या हाताखाली होता. नव्या बायांना त्या महिनाभर नुसतं कढईपाशी उभं करायच्या आणि काही करू द्यायच्या नाहीत. नुसता वास घे, म्हणायच्या. मला त्यांनी कधी मागचं काढून बोलून दाखवलं नाही. मीही कधी माफी मागितली नाही. रोज भेटणाऱ्या माणसाची माफी मागायला मुहूर्त सापडत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

राहिला तो खोडण्याचा दिवस. पाचही जणी परत आल्या होत्या, कढई चढली होती. मी भरायच्या खोलीत, त्यांच्या गोलाच्या कडेला गठ्ठा घेऊन बसलो. दौतीत काळी शाई, हातात रंगाऱ्याचा रुंद कुंचला. काम मनापासून करायचं ठरवलं होतं. एकेका कागदावर असा जाड काळा पट्टा ओढत होतो की खालच्या ओळीचं अक्षरही दिसू नये. तासाभरात शंभरेक कागद झाले. बापूसाहेब येऊन पाहून गेले, त्यांनाही पसंत पडलं.

शेवंताबाईंनी भाजणं उतरवलं, दगडफूल टाकलं, झाकण ठेवलं आणि माझ्यापाशी आल्या. एक कागद उचलून उजेडाकडे धरला.

"हे काय करून राहिले, वसंतभाऊ?"

"खोडतो आहे. तुम्हीच म्हणाल्या."

"खोडा मनलं. लपवा नाई मनलं."

त्यांनी माझ्या हातातला कुंचला काढून घेतला आणि बाजूला ठेवला. खळ लावायची बारीक काडी होती, ती शाईत बुडवली. नवा कागद मांडीवर घेतला आणि त्या ओळीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच बारीक सरळ रेघ मारली. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

दारातून बापूसाहेब म्हणाले, "अवं, पन थे तं सारं वाचाले येऊन राहिलं."

"येऊ द्या," शेवंताबाई म्हणाल्या. "काय लिवलं व्हतं, थे बी दिसू द्या. आन खोडलं, थे बी दिसू द्या."

बापूसाहेब उभे राहिले, मग गेले. शेवंताबाईंनी काडी माझ्या हातात दिली आणि कढईकडे वळल्या. मी जाड पट्ट्यांचे शंभर कागद बाजूला सारले आणि गठ्ठ्यातला पुढचा ओढला. पहिली रेघ वाकडी आली.